टाळेबंदी, हातावरचे पोट आणि मराठी लेखनाची दृष्टी : नांदेड–लातूर परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

२४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता देशव्यापी टाळेबंदीची घोषणा झाली आणि त्याच मध्यरात्रीपासून ती अमलात आली. कोरोना महामारीच्या त्या पर्वाविषयी मराठीत पुढील दोन-तीन वर्षांत विपुल लेखन झाले. वृत्तपत्रांच्या पुरवण्या, दिवाळी अंक, कवितासंग्रह, दैनंदिनीवजा लेखन, चर्चासत्रांतील निबंध अशा अनेक रूपांत ते विखुरलेले आहे. या लेखनात असंघटित श्रमिकाचा उल्लेख नाही असे म्हणता येणार नाही. उलट, तो जागोजागी आहे. मात्र तो कोणत्या रूपात आहे, त्याला पाहणारा डोळा कोठे उभा आहे आणि ज्या शब्दांनी त्याचे वर्णन केले जाते ते शब्द त्याच्या उपजीविकेचे खरे स्वरूप दाखवितात की झाकतात, हे प्रश्न अद्याप पुरेशा गांभीर्याने विचारले गेलेले नाहीत. प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा विचार नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात केलेला आहे.

हा परिसर निवडण्यामागे केवळ जवळीक हे कारण नाही. या दोन जिल्ह्यांतील श्रमिक एकाच वेळी जाणारा आहे आणि राहणाराही आहे. मुखेड, कंधार, लोहा, किनवट, जळकोट या तालुक्यांतून माणसे ऊसतोडीला, पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर, हैदराबाद-निजामाबादच्या दिशेने जातात; तर नांदेड आणि लातूर या शहरांत मोंढा, आडत बाजार, शिकवणी वर्ग, गुरुद्वारा परिसर यांच्या आधाराने हजारो कुटुंबे जगतात. म्हणून महामारीने श्रमिकांचे काय केले हे पाहण्यासाठी हा प्रदेश उपयुक्त आहे. तसेच ग्रामीण आणि दलित साहित्यप्रवाहांत या प्रदेशाने मोलाची भर घातलेली असल्यामुळे लेखनाने काय केले हे पाहण्यासाठीही तो तितकाच उपयुक्त ठरतो.

'टाळेबंदी' : एका शब्दाचे स्थलांतर

प्रथम शब्दांकडे वळू. २०२० मध्ये 'लॉकडाऊन'साठी मराठी वृत्तपत्रांनी 'टाळेबंदी' हा शब्द रूढ केला. हा शब्द नवा नव्हता. कामगार चळवळीच्या मराठीत त्याला निश्चित अर्थ होता : मालकाने कारखान्याला टाळे ठोकून कामगारांना कामावर येण्यास मज्जाव करणे. संप हे कामगाराचे हत्यार, तर टाळेबंदी हे मालकाचे. नांदेडच्या उस्मानशाही गिरणीसारख्या उद्योगाच्या परिसरात ज्यांच्या दोन पिढ्या गेल्या त्यांना हा अर्थ सांगावा लागत नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने या टाळेबंदीला काही नियम घालून दिले होते. सार्वजनिक उपयोगितेच्या सेवांमध्ये पूर्वसूचना न देता टाळे ठोकणे निषिद्ध होते. टाळेबंदी बेकायदेशीर आहे की कायदेशीर, हा वाद न्यायाधिकरणापुढे नेता येत होता. थोडक्यात, जुन्या 'टाळेबंदी'त दोन पक्ष होते आणि त्यांच्यामध्ये कायदा उभा होता.

२०२० च्या टाळेबंदीत हा दुसरा पक्षच लोप पावला. चार तासांच्या अवधीत देशातील बहुतेक व्यवहार थांबले. ते थांबविणे साथीच्या दृष्टीने आवश्यक होते की नव्हते, हा स्वतंत्र विषय आहे व त्याचा निर्णय साथरोगतज्ज्ञांनी करावा. येथे मुद्दा एवढाच, की काम बंद करणारी सत्ता आणि मजुरी देणारा मालक या दोन गोष्टी वेगळ्या झाल्या. २९ मार्च २०२० रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने टाळेबंदीच्या काळातील वेतन कपात न करता द्यावे असा आदेश काढला; १८ मे २०२० पासून तो अस्तित्वात राहिला नाही. परंतु तो असतानाही, सकाळी मजूरअड्ड्यावर उभे राहून ज्याला रोज नवा मालक शोधावा लागतो त्याने हे वेतन कोणाकडे मागायचे? ज्याचा कालचा मालक आज मालक नाही आणि उद्याचा अजून ठरलेला नाही, त्याच्यासाठी 'मालकाने वेतन द्यावे' हे वाक्य व्याकरणदृष्ट्या पूर्ण असले तरी व्यवहारात कर्त्यावाचून आहे.

'हातावरचे पोट' हा वाक्प्रचार

टाळेबंदीविषयक मराठी लेखनात सर्वाधिक वापरला गेलेला वाक्प्रचार 'हातावर पोट असणारे' हा होय. तो अर्थवाही आहे, लोकभाषेतून आलेला आहे आणि त्यात करुणा आहे. तरीही समीक्षकाने त्याच्याकडे सावधपणे पाहिले पाहिजे असे वाटते. या वाक्प्रचारात दोनच अवयव आहेत : हात आणि पोट. हात चालला तर पोट भरते, थांबला तर उपाशी राहते. या चित्रात हाताला काम देणारा, कामाचा दर ठरविणारा, आगाऊ पैसे देऊन हात बांधून घेणारा असा कोणीही दिसत नाही. जणू गरिबी ही श्रमिकाच्या शरीराचीच एक अवस्था आहे.

वास्तविक या परिसरातील श्रमिकाचे हात आणि पोट यांच्यामध्ये व्यवहारांची मोठी साखळी असते. ऊसतोड मजूर पावसाळ्यात मुकादमाकडून उचल घेतो आणि पुढचा संपूर्ण हंगाम ती फेडण्यासाठी कोयता चालवितो. मोंढ्यातील हमालाची मजुरी पोत्यांच्या संख्येवर ठरते, म्हणजेच आवक किती यावर ठरते. बांधकामावरील मजूर गुत्तेदाराच्या हिशेबवहीत असतो. धुणेभांडी करणारी स्त्री अडीअडचणीला घरमालकिणीकडून उसने घेते व ते पगारातून कापले जाते. या साऱ्या व्यवहारांत शोषण आहे, तसाच आधारही आहे; आणि ही दोन्ही अंगे एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत. टाळेबंदीने हात थांबविले एवढेच घडले नाही. तिने आधाराची बाजू तोडली आणि देण्याची बाजू जशीच्या तशी ठेवली. मजुरी थांबली, उचल थांबली नाही. आवक थांबली, घरभाडे थांबले नाही.

याच कारणाने 'असंघटित' ही संज्ञाही अपुरी वाटते. अर्जुन सेनगुप्ता यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने २००४-०५ च्या आकडेवारीवरून देशातील सुमारे ९२ टक्के श्रमिक अनौपचारिक रोजगारात असल्याचे दाखविले होते. एवढ्या प्रचंड समूहाला 'असंघटित' म्हणणे म्हणजे नियमाला अपवादाचे नाव देणे होय. शिवाय हा श्रमिक विस्कळीत नाही. तो मुकादम, नाका, आडत, गुत्ता, जात आणि गाव यांनी अत्यंत घट्ट बांधलेला आहे. त्याच्याकडे संघटना नाही असे म्हणण्यापेक्षा त्याची नोंद नाही असे म्हणणे वास्तवाला अधिक धरून होईल. महामारीत या नोंद नसण्याचीच किंमत त्याला मोजावी लागली.

पाडव्याचा दिवस

टाळेबंदीचा पहिला दिवस २५ मार्च २०२० हा होता आणि तो गुढीपाडव्याचा दिवस होता. लेखनात या योगायोगाचा उल्लेख बहुधा 'यंदा गुढी शांततेत उभारली' अशा स्वरूपात आढळतो. मराठवाड्यातील शेतमजुरासाठी मात्र पाडवा हा केवळ सण नाही. त्या दिवशी सालगड्याचे साल संपते आणि नवे साल ठरते. वर्षभराची रक्कम, धान्य, कपडे, आगाऊ किती घ्यावयाचे, मालक बदलायचा की राहायचे, हे सारे याच सुमारास बोलले जाते. म्हणजे ज्या एका दिवशी शेतमजुराला घासाघीस करण्याची थोडीफार संधी असते, नेमका तोच दिवस बंद दाराआड गेला. शहराकडे गेलेली तरणी माणसे पुढील आठवड्यांत गावी परतली, गावात हातांची संख्या वाढली आणि ज्याच्याशी बोलणी करावयाची त्याचे पारडे आपोआप जड झाले.

हा तपशील येथे मुद्दाम दिला आहे. महामारीचा परिणाम समजून घ्यावयाचा तर तिची तारीख श्रमिकाच्या पंचांगावर ठेवून पाहावी लागते. मार्चअखेर म्हणजे ऊसतोडीच्या हंगामाची अखेर. पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्यांच्या परिसरात मराठवाड्यातील एक लाखाहून अधिक मजूर पालांत अडकून पडले व १७ एप्रिल २०२० रोजी राज्य सरकारने त्यांच्या परतीला परवानगी दिली. एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई. बँडवाले, हलगीवाले, मंडप उभारणारे, आचारी, वाढपी, छायाचित्रकार यांची वर्षाची बेगमी याच दोन महिन्यांत होते. जून म्हणजे शाळांचा आरंभ. गणवेश शिवणाऱ्या शिंप्याचा तो हंगाम. एका आदेशाने थांबलेले हे हंगाम पुढे सरकत नाहीत. ते वर्षातून एकदाच येतात. 'काही आठवड्यांचा रोजगार बुडाला' असे जेव्हा लिहिले जाते तेव्हा वर्ष बुडाले हे सत्य दृष्टिआड होते.

चालणारा मजूर आणि थांबलेला मजूर

टाळेबंदीच्या साहित्याने एक प्रतिमा सर्वांत ठळक केली : डोक्यावर बोचके घेऊन महामार्गावरून चालणारा मजूर. या प्रतिमेची परिसीमा मराठवाड्यातच घडली. ८ मे २०२० रोजी पहाटे करमाडजवळ, दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागातील लोहमार्गावर, थकून झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली मरण पावले. ते मध्य प्रदेशातील होते, जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करीत होते आणि गावाकडे जाणारी रेल्वे मिळेल या आशेने भुसावळच्या दिशेने निघाले होते. रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांचे छायाचित्र देशभर पसरले आणि त्यावर असंख्य कविता लिहिल्या गेल्या.

या कवितांमागील व्यथा खोटी होती असे कोणीही म्हणणार नाही. चालणाऱ्या माणसांच्या चित्रांनी समाजमन हादरले आणि १ मे २०२० पासून श्रमिक विशेष गाड्या सुरू होण्यास जो दबाव निर्माण झाला त्यात या चित्रांचाही वाटा होता, हे मान्य करावयास हवे. तत्काळ लेखनाचे म्हणून एक मूल्य असते. आपत्तीच्या वेळी लिहिणाऱ्याने प्रथम हाक द्यावयाची असते. विश्लेषण नंतर करता येते. हा युक्तिवाद प्रस्तुत लेखकाला मान्य आहे.

तरीही तीन आक्षेप उरतात. पहिला असा, की या लेखनात पाहणारा सदैव घरात आहे आणि पाहिला जाणारा रस्त्यावर. लिहिणारा वर्ग प्रामुख्याने पगारदार होता. मार्च २०२० चे वेतन दोन टप्प्यांत देण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला तेव्हा त्याची शिक्षकवर्गात मोठी चर्चा झाली. ज्यांच्या मजुरीला पहिला टप्पाच नव्हता त्यांच्याशी आपली तुलना करण्याचा प्रसंग त्या चर्चेत क्वचितच आला. हे अंतर असणे हा दोष नाही. मात्र ते अंतर लेखनात कबूल न करणे हा दोष आहे. दुसरा आक्षेप असा, की पोळ्यांची प्रतिमा इतकी प्रभावी ठरली की माणसे तिच्या मागे गेली. ते मजूर कोणत्या कामावर होते, त्यांचे वेतन कोणाकडे अडकले होते, रुळांवरूनच का चालावे लागले, हे प्रश्न प्रतिमेच्या बाहेर राहिले.

तिसरा आक्षेप अधिक महत्त्वाचा आहे. चालणारा मजूर दिसला, कारण तो चालत होता. जो थांबला तो दिसला नाही. लातूरचे उदाहरण घेऊ. 'लातूर पॅटर्न' म्हणून जी शैक्षणिक ख्याती या शहराने मिळविली तिच्या आधाराने एक संपूर्ण श्रमव्यवस्था उभी आहे. बाहेरगावच्या विद्यार्थ्यांसाठी खानावळ चालविणाऱ्या, डबे पोहोचविणाऱ्या, पोळ्या लाटणाऱ्या स्त्रिया, वसतिगृहांतील सफाई कामगार, रिक्षाचालक, झेरॉक्सच्या दुकानातील पोरे, चहाच्या टपऱ्या यांचा तिच्यात समावेश होतो. मार्च २०२० मध्ये विद्यार्थी गावी गेले आणि शिकवणी संगणकाच्या व भ्रमणध्वनीच्या पडद्यावर आली. शिकवणी नव्या मार्गाने चालू राहू शकली. पोळी पडद्यावरून पाठविता येत नाही. या स्त्रिया कोठेही चालत गेल्या नाहीत, त्यांचे छायाचित्र निघाले नाही, त्यांच्यावर कविता झाली नाही. गंजगोलाईच्या परिसरातील फिरते विक्रेते, नांदेडच्या मोंढ्यात धान्य चाळणाऱ्या स्त्रिया, वजिराबादच्या दुकानांतील रोजंदारीवरचे नोकर यांचीही स्थिती याहून वेगळी नव्हती.

नांदेडमध्ये तर दिसणे आणि न दिसणे यांचा भेद अधिकच तीव्र झाला. तख्त सचखंड श्री हुजूर साहिब येथे दर्शनाला आलेले सुमारे चार हजार भाविक अडकून पडले. एप्रिलच्या अखेरीस पंजाब सरकारने बसगाड्या पाठवून त्यांना परत नेले. परतलेल्यांपैकी अनेकांना लागण झाल्याचे आढळले आणि नांदेडचे नाव काही काळ देशभर संशयाने घेतले गेले. भाविकांना परत नेणे योग्यच होते. परंतु त्या भाविकांच्या येण्यावर ज्यांचे जीवन अवलंबून होते ते रिक्षावाले, निवासगृहांतील कामगार, कडे-कंगवे आणि प्रसादाचे साहित्य विकणारे छोटे विक्रेते यांच्यासाठी कोणतीही बस येणार नव्हती. ते आपल्याच गावात होते. त्यांच्या उपजीविकेचे साधनच गाव सोडून गेले होते. 'स्थलांतरित' या शब्दाभोवती फिरणाऱ्या सहानुभूतीला या घटनेचे आकलन होत नाही.

मराठवाड्याच्या कथात्म परंपरेची साक्ष

मराठी लेखनाला ही दृष्टी नव्याने कोठून आणावयाची, असा प्रश्न येथे पडेल. ती बाहेरून आणण्याची गरज नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. उपजीविकेची पडझड कशी लिहावी याचे वस्तुपाठ याच प्रदेशाच्या साहित्यात उपलब्ध आहेत.

लातूर जिल्ह्यातील काटगावचे रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' (१९७१) ही कादंबरी एका गावातील शिंप्याच्या कुटुंबाची कहाणी सांगते. येथे साथ नाही, दुष्काळ नाही, कोणतीही मोठी आपत्ती नाही. गावातील सत्तेच्या ताणात एका कारागिराचा धंदा आणि घर हळूहळू कसे विस्कटत जाते हे त्याची बायको आपल्या बोलीत सांगते. या कादंबरीचे सामर्थ्य निवेदनाच्या जागेत आहे. सांगणारी स्त्री चुलीजवळ आहे. धंद्याचा तोटा तिला आकड्यांत कळत नाही, नवऱ्याच्या बोलण्यातून, गावाच्या वागण्यातून, घरातील अबोल्यातून कळतो. उपजीविका ही केवळ मिळकत नसते, ती गावातील माणसाची जागा असते, हे 'पाचोळा' दाखवून देते. गणवेशाचा हंगाम गमावलेल्या २०२० च्या शिंप्याविषयी लिहावयाचे असेल तर हा आदर्श समोर आहे.

दुसरा वस्तुपाठ लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) हे आत्मकथन होय. लातूर तालुक्यातील धनेगावच्या या लेखकाला त्यासाठी १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांच्यावर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्या समाजाचे चित्र त्यात आहे. पोलिसांकडे हजेरी देणे, परवानगीवाचून गाव सोडता न येणे, संचाराचाच गुन्हा होणे हा अनुभव या समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या घेतला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाल्यानंतरही संशय मात्र संपला नाही. २०२० मध्ये साथरोग नियंत्रणासाठी जे कायदे वापरले गेले त्यांतील एक १८९७ चा, म्हणजे त्याच वसाहतकालीन घडणीचा होता. त्याच्या जोडीला तत्कालीन भारतीय दंड संहितेचे कलम १८८ होते. प्रवासासाठी पास, नाक्यांवर चौकशी, विनापास सापडल्यास काठी हा अनुभव मध्यमवर्गाला नवा होता व त्याविषयी त्याने भरभरून लिहिले. भटक्या-विमुक्तांना तो नवा नव्हता. 'उचल्या'च्या प्रकाशात पाहिले असता टाळेबंदी ही अभूतपूर्व घटना न राहता एका जुन्या व्यवहाराचा विस्तार ठरते. याच आत्मकथनात लातूरच्या सूतगिरणीतील कामाचा आणि तेथील संघटनेचाही अनुभव आहे. नोंद असलेल्या कामाची चव आणि ती गमावण्याचे दुःख या दोहोंना त्यात स्थान आहे. 'उचल' आणि 'उचल्या' हे एकाच धातूचे शब्द आहेत. एक श्रमिकाला बांधतो, दुसरा त्याला कलंकित करतो. दोन्ही शब्दांत उचलणाऱ्याचाच दोष सूचित होतो, देणाऱ्याचा नाही.

तिसरे उदाहरण भास्कर चंदनशिव यांच्या 'लाल चिखल' या कथेचे. बाजारात टोमॅटोचा भाव कोसळतो आणि हताश बाप आपलाच माल पायांखाली तुडवितो, हे शाळकरी मुलाच्या नजरेतून आपण पाहतो. या कथेतही अंती एक प्रभावी प्रतिमा आहे. मात्र ती प्रतिमा कथेने कमावलेली आहे. माल डोक्यावर घेऊन बाजारात येणे, गिऱ्हाइकाची वाट पाहणे, भाव पायरीपायरीने उतरणे हे सारे आधी घडते व मगच चिखल होतो. रुळांवरील पोळ्यांच्या कवितांत आणि 'लाल चिखल'मध्ये हाच भेद आहे. तेथे प्रतिमा आयती मिळाली, येथे ती व्यवहारातून निष्पन्न झाली.

मोजदाद आणि तिच्या बाहेरची माणसे

लेखनाच्या दृष्टीचा हा प्रश्न केवळ साहित्यापुरता मर्यादित नाही. जे दिसत नाही ते मोजले जात नाही आणि जे मोजले जात नाही त्याला मदत मिळत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत केंद्र सरकारने सांगितले, की एक कोटी चार लाखांहून अधिक स्थलांतरित मजूर आपापल्या राज्यांत परतले. परंतु त्या प्रवासात किती मजूर मरण पावले याची माहिती उपलब्ध नाही. परतणे मोजले गेले, मरणे मोजले गेले नाही.

१३ एप्रिल २०२१ रोजी, दुसऱ्या लाटेच्या निर्बंधांबरोबर, महाराष्ट्र सरकारने ५,४७६ कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले. नोंदणीकृत बांधकाम कामगार, नोंदणीकृत घरकामगार, अधिकृत फेरीवाले आणि परवानाधारक रिक्षाचालक यांना प्रत्येकी १,५०० रुपये व शिवभोजन थाळी महिनाभर मोफत, अशी त्याची रूपरेषा होती. पहिल्या लाटेच्या तुलनेत हे पाऊल निश्चितच पुढचे होते. पण त्यातील 'नोंदणीकृत', 'अधिकृत', 'परवानाधारक' ही विशेषणे लक्षात घेतली पाहिजेत. बांधकाम कामगाराला नोंदणीसाठी वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नाक्यावरील मजुराचा मालक रोज बदलतो. ९० दिवसांचा दाखला ९० मालकांनी द्यावयाचा काय? दुसऱ्याच्या मालकीची रिक्षा दिवसाच्या भाड्याने चालविणाऱ्याच्या नावावर परवाना नसतो. खानावळीतील पोळ्या लाटणारी स्त्री घरकामगार या व्याख्येत बसत नाही. मदतीची दारे उघडली, परंतु नावाची पाटी असलेल्यांसाठीच.

कायद्यातील विसंगती याहून ठळक आहे. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा, नावाप्रमाणेच, राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांपुरता होता. मुखेडहून निजामाबादला गेलेला मजूर त्याच्या कक्षेत येऊ शकत होता. तोच मजूर त्याहून कितीतरी दूरच्या कोल्हापूरला गेला तर तो स्थलांतरित ठरत नव्हता. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेने स्वतःहून गेलेल्या मजुरांचा समावेश करून व्याख्या विस्तारली आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. मात्र 'एका राज्यातून दुसऱ्या राज्यात' ही अट तशीच आहे. मराठवाड्यातून पश्चिम महाराष्ट्राकडे होणारे प्रचंड अंतर्गत स्थलांतर आजही या व्याख्येबाहेर आहे. २६ ऑगस्ट २०२१ रोजी सुरू झालेल्या ई-श्रम नोंदणीने मोजदादीची उणीव काही अंशी भरून काढली, हे नमूद करणे न्यायाचे ठरेल. परंतु नोंद होणे आणि हक्क मिळणे यांत अंतर असते.

इतिहासातील एक तुलना येथे उद्बोधक ठरते. १८९६-९७ च्या प्लेगमध्ये मुंबईच्या गिरण्यांतून कामगार मोठ्या संख्येने गावी पळाले. तेव्हा हातांची टंचाई निर्माण झाली आणि जे राहिले त्यांना रोजच्या रोज मजुरी देण्याची पाळी गिरणीमालकांवर आली. साथीच्या त्या काळात श्रमिकाचे जाणे हे, अल्पकाळ का होईना, त्याचे बळ ठरले. २०२० मध्ये कामच आदेशाने थांबलेले असल्यामुळे त्याच्या जाण्याने कोणाचेही अडले नाही. गावी परतल्यावर त्याच्यासाठी रोजगार हमी होती. १९७२ च्या दुष्काळाच्या अनुभवातून महाराष्ट्रानेच देशाला दिलेली ही कल्पना २०२० मध्ये पुन्हा आधार ठरली. त्या वर्षी राज्यातील मजुरीचा दर दिवसाला २३८ रुपये होता. मात्र दुष्काळासाठी घडविलेली ही योजना शेततळे खणणाऱ्या हातांसाठी आहे. शिंपी, आचारी, हलगीवाला यांच्या हातातील कसब तिला ओळखता येत नाही.

समारोप

वरील विवेचनातून काही निष्कर्ष हाती येतात. 'टाळेबंदी', 'हातावरचे पोट', 'असंघटित' आणि 'स्थलांतरित' या चार शब्दांनी महामारीतील श्रमिकाची चर्चा घडविली आणि या चारही शब्दांनी देणारा, बांधून घेणारा व थांबविणारा यांना चर्चेबाहेर ठेवले. टाळेबंदीच्या साहित्याने चालणाऱ्या मजुराला चिरस्मरणीय केले, पण आपल्याच गावात, आपल्याच गल्लीत थांबलेल्या श्रमिकाकडे त्याचे लक्ष गेले नाही. त्याच वेळी, बोराडे, गायकवाड आणि चंदनशिव यांच्या लेखनातून असे दिसते, की उपजीविकेची हानी आतून, सावकाश व व्यवहाराच्या तपशिलांसह लिहिण्याची परंपरा मराठवाड्याजवळ आहे.

महामारीची आठवण आता वेगाने पुसट होत आहे. ज्या स्त्रियांची खानावळ २०२० मध्ये बंद पडली त्यांपैकी कोणी ती पुन्हा उघडली, कोणी कर्ज फेडीत राहिल्या, कोणाची मुलगी शिक्षण सोडून कामाला लागली, याची नोंद कोणत्याही सरकारी नोंदणीत सापडणार नाही. ती सापडेल ती त्यांच्या बोलण्यात. नांदेड-लातूर परिसरातील महाविद्यालयांच्या मराठी, समाजशास्त्र आणि अर्थशास्त्र विभागांना हे बोलणे ऐकून लिहून ठेवणे सहज शक्य आहे, कारण हे श्रमिक वर्गात बसणाऱ्या आपल्याच विद्यार्थ्यांचे आईवडील आहेत. त्यांच्या वहीतील हिशेब आणि त्यांच्या तोंडची भाषा ही दोन्ही एकत्र नोंदविली गेली, तर पुढील आपत्तीत 'नोंद नाही' हे कारण सांगणे कोणालाही एवढे सोपे जाणार नाही.